देहरादूनची नोकरी

काश्मीरची लढाई थांबली, त्याच्या पुढच्या वर्षी मी फौज सोडली. रँक नाईक, इंजिनिअर्सची फील्ड कंपनी. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. घर बदलापूरला, कुळगावात. सकाळी सव्वासहाला निघायचं, साडेपाचपर्यंत परत. रविवारी रूळ ओलांडून बेलवलीला, कान्हाबाबा भोईरांच्या शेतावर.

दोन वर्षांनी माझ्या जुन्या कॅप्टनसाहेबांचं पत्र आलं. त्यांनी देहरादूनला वर्कशॉप काढलं होतं. फोरमनची जागा, राहायला क्वार्टर. पंधरा दिवसांत कळव.

पत्नीला, सुमतीला, वाचून दाखवलं.

"तुमच्या मनात काय आहे?"

"कान्हाबाबांना सोडून कसं जायचं?"

"मी तुमचं मन विचारलं."

मी पत्राची घडी करून खिशात ठेवली.

कान्हाबाबांचा एकुलता मुलगा दत्तू माझ्या सेक्शनमध्ये सॅपर, म्हणजे सुरुंग-रस्त्यांच्या कामाचा जवान, होता. काश्मीरमध्ये एके दिवशी आम्ही सकाळी सहा दहाला रस्त्यावरचे सुरुंग काढायला निघालो. मागे जखमींच्या चार लॉऱ्या थांबल्या होत्या. सात वाजेपर्यंत सहा सुरुंग निघाले. वायरलेस वाजला.

"रोड क्लिअर? ओव्हर."

"नॉट येट. दो सौ गज बाकी. ओव्हर."

थंडीनं माझी बोटं वळेनात. जमिनीत टोचून सुरुंग शोधायची संगीन दत्तूनं माझ्या हातातून घेतली. "नाईक, तुम्ही मागं व्हा." सात वाजून वीस मिनिटांनी स्फोट झाला, दत्तू जागीच ठार. उरलेला रस्ता मी साफ केला. साडेआठला लॉऱ्या गेल्या.

रविवारी कान्हाबाबांना पत्राचं सांगितलं.

"मंग कधी निघतोस?"

"नाही जाणार. तुमच्याकडे कोण बघणार?"

त्यांनी कुदळ खाली ठेवली. "माझं नाव पुढं करू नको, यशवंता. तू येत नव्हतास तवाही मी पेरत होतो. जायचं तं जा. रायचं तं तुझ्यासाठी रा."

मला लागलं ते. कुळगावात पोचेपर्यंत मात्र हलकं वाटू लागलं होतं. फौजेत सात वर्षं मूव्हमेंट ऑर्डर येईल तिकडे गेलो. इथे हुकूम देणारं कोणी नव्हतं. मग स्वतःलाच विचारलं. कारखान्यातलं काम मला आवडत होतं. उजेड असताना घरी पोचणं आवडत होतं. सुमतीनं परसात वांगी लावली होती, त्यांना पाणी घालणं आवडत होतं. रविवारी चिखलात उभं राहणंही.

"मला इथंच राहायचंय," मी घरी येऊन सांगितलं.

"मलाही," सुमती म्हणाली. "तुम्ही बोलेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं होतं."

सोमवारी साहेबांना नकार कळवला. हिवाळ्यात एकदा थोडी हळहळ वाटली, मग तीही गेली. रविवारी बेलवलीला जात राहिलो.

कान्हाबाबांनी दत्तूबद्दल एकदाच विचारलं. भाताची लावणी चालली होती. मी सगळं सांगितलं. वेळा सांगितल्या, माझ्या बोटांचंही सांगितलं. त्यांनी हातातली रोपांची मूठ लावून संपवली.

"घाबरला होता का रं?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"होय बाबा. आम्ही सगळेच घाबरलो होतो."

त्यांनी कंबर सरळ केली.

"तरी पुढं गेला," ते म्हणाले.

"तरी पुढं गेला."

त्यांनी मान हलवली आणि पुढची मूठ माझ्या हातात दिली.