साखरपुड्याचा ब्लाउज

नवऱ्याला माहीत नाय. बहिणीला नाय. देवापुढे उभी राहिले तरी हा विषय जवळ आला की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागते आणि घंटा वाजवून निघते. सहा वर्षं असंच चाललंय. आज सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नाय. राग आलाय म्हणून सांगते. माझा मलाच. इतका, की मशीनवर बसले तर पाय आवरत नाय, कापड ओढलं जातं आणि सुई मोडते. या आठवड्यात तीन मोडल्या.

मी मुरबाडला ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत गाळा आहे, पुढे मशीन, मागे पडदा. पडद्यामागे बाया ब्लाउज घालून बघतात. तुमाला वाटेल टेलरणीला काय कळतं? सगळं कळतं. कुणाला दिवस गेलेत आणि अजून सासूला सांगितलेलं नाय, कुणाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ आहेत — टेप फिरवला की कळतं. मी ज्या बाईकडे हे काम शिकले ती पहिल्याच दिवशी बोलली होती, "टेपखालचं टेपखाली ठेवायचं. जमत नसेल तर भाजीची पाटी घे." आमच्या धंद्याचा हा एकच नियम. शिलाई वाकडी गेली तर उसवता येते. हे उसवता येत नाय.

मला जमतं, असं मी सगळ्यांना सांगायची. अजून सांगते. लाज वाटत नाय मला? वाटते. पण तोंड सवयीने चालतं.

तर सोनल. तिची आई माझं जुनं गिऱ्हाईक. पोरगी हुशार, शहापूरला शिकली. तिथे ती आणि तिची चुलतबहीण कविता एका खोलीत राहायच्या — एकीने चहा टाकला तर दुसरीने गाळायचा, अशी दोघींची गट्टी. मग सोनल आसनगावच्या बाजूला एका कंपनीत लागली आणि वर्षभरात टोकावड्याचं स्थळ आलं. घर चांगलं, पोरगा शांत, स्वतः येऊन सोनलशी बोलून गेला. सुपारी फुटली. साखरपुड्याचा ब्लाउज माझ्याकडे आला.

ती पडद्यामागे गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. मी हाक मारली, मग आत गेले. पोरगी दोन्ही हात छातीवर आवळून उभी. हात खाली घे गो, बोलले, फिटिंग कसं बघू? तिने हात घेतले. ब्लाउजची कटोरी खालून रिकामी होती. तिची छाती मुळाशी अरुंद, तिथून पुढे लांबट, खालच्या बाजूला वाढ झालेलीच नाय. आणि डावं-उजवं सारखं नाय. मी इतक्या वर्षांत तसं दोन-तीनदा बघितलं होतं. कुणाचं नाक बसकं असतं, कुणाचे दात पुढे असतात, तसंच हे. पण तिला कोण सांगणार? तिने आईलासुद्धा कधी दाखवलं नव्हतं. चोवीस वर्षांची पोरगी, कायम ओढणी पिनेने लावून फिरायची, आणि तिला वाटत होतं की जगात आपण एकटीच अशी.

"मावशी, बरं दिसेल ना?" तिने विचारलं. मी बोलले, आतून कप लावते, एक बाजू जरा जाड करते, कुणाला कळायचं नाय. तिने माझा हात धरला. बोलली, "कुणाला सांगू नका हां." मी बोलले, वेडी का काय गो?

सहा वर्षं मला हेच ऐकू येतं. वेडी का काय गो.

साखरपुडा झालाच नाय. आठ दिवस आधी टोकावड्याहून निरोप आला, आमच्याकडे अडचण आहे, पुढचं पुढे बघू. पुढचं कसलं बघू? महिन्याभरात त्या पोराचं दुसरीकडे जमलं. आणि मग कुणाच्या तरी तोंडून सोनलच्या आईच्या कानावर आलं की पोरीच्या अंगात खोट आहे, उद्या लेकराला पाजायला जमायचं नाय. हेच शब्द. फिरत फिरत आले तरी बदलले नाय. मी ओळखले. माझे होते.

हां. मीच. आता उगाच गोल गोल कशाला फिरू?

का बोलले, तेही ऐका, म्हणजे तुमाला कळेल मी किती हलकी आहे. कपांचं काम चालू होतं त्याच आठवड्यात सोनलची आई दुकानात आली आणि सहज बोलून गेली की लग्नातले पाच ब्लाउज कल्याणच्या बुटिकमध्ये टाकलेत, त्यांचं फिटिंग चांगलं असतं ना. तुझ्याकडे घरचे, रोजचे देते. फिटिंग! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिच्या पोरीचं अंग मी झाकतेय, दोन बाजूंना दोन मापाचे कप कापतेय, आणि ही मला फिटिंग शिकवते? वरून हसले. दुसऱ्या दिवशी टोकावड्याची बाई आली — पोराची आई. तीही माझ्याकडेच शिवायची. तिला होणाऱ्या सुनेचं कौतुक ऐकायचं होतं, दुसरं काय नाय. "तू बघितली असशील ना गो पोरगी? कशी हाय?" एवढंच विचारलं तिने.

चांगली आहे, एवढं बोलले असते तर संपलं असतं. मी बोलले, पोरगी गुणाची हो, पण... आणि थांबले. "पण" बोलून थांबणं बायकांना बरोबर जमतं. मग तिने खोदलं, आणि मी जसं काय मन मारून सांगतेय असं दाखवून सगळं सांगितलं. आकार सांगितला. आणि वर माझ्या पदरचं जोडलं, की लेकराला पाजायची कशी ही? मला काय डॉक्टरकी येते? उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती बाई उठून गेली तेव्हा मला बरं वाटलं. खोटं बोलत नाय, खूप बरं वाटलं. पाच ब्लाउजांचा बदला घेतला मी.

इथवर एक पाप. दुसरं याच्यापेक्षा वाईट आहे.

स्थळ मोडल्यावर सोनल दुकानात आली. डोळे सुजलेले. बोलली, मावशी, हे फक्त दोघींना माहीत होतं. एक तुमी आणि एक कविता, खोलीवर राहायचो तेव्हा तिने बघितलं होतं. मग माझ्याकडे बघून बोलली, "कवितानेच सांगितलं ना?" माझ्यावर संशयच नव्हता तिचा. मी कैचीला तेल लावत होते. मान वर न करता बोलले, "असेल बाई. हल्ली घरचेच जास्त जळतात." कविताने तिचं काय वाकडं केलं होतं? माझं काय केलं होतं? सोनलने त्या दिवसापासून कविताशी बोलणं टाकलं. कविताचं खर्डीला लग्न झालं, ही गेली नाय. कविताला मुलगी झाली, हिने बघितली नाय. कविताला आजपर्यंत कळलेलं नाय की तिने केलं काय.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, कारण सोनलने सोबत मलाच नेलं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिने मोबाइलवर शहरातल्या कुठल्या तरी क्लिनिकची, छातीचा आकार नीट करून देतो अशी जाहिरात बघितली, घरी कंपनीचं ट्रेनिंग आहे असं सांगितलं, आणि मला बोलली, मावशी चला, तुमाला आधीच माहीत आहे, नव्याने कुणाला दाखवायला नको. क्लिनिकच्या कागदावर नातं विचारलं होतं. मी "मावशी" लिहिलं आणि सही केली. तिथल्या डॉक्टरने तिला दहा मिनिटं बघितलं असेल. आत दोन सिलिकॉनच्या पिशव्या बसवल्या, तिसऱ्या दिवशी घरी.

पहिले काही महिने पोरगी खूश. कप न लावता ब्लाउज शिवून घेतला, आरशासमोरून हलेना. मला वाटलं, चला, माझं पाप फिटलं. बघा माझा हिशेब! कापून घेतलं तिने, आणि सुटका झाली माझी.

मग एकेका मापाला मला दिसायला लागलं. छातीखाली जुनी घडी तशीच राहिलेली आणि तिच्याखाली पिशवीचा दुसराच गोल, एकावर एक. उजवी बाजू वर सरकत चाललेली आणि कडक, दाबली तर बोट आत जाईना. कंपनीत वरच्या रॅकवरून खोका काढायला हात उचलला की कळ यायची. क्लिनिकमध्ये फोन केला तर बोलले, मालिश करा, होईल नरम. ती वर्षभर मालिश करत राहिली. घरी बोलणार काय? कुणाला माहीतच नव्हतं. एकदा कुशीवर वळता येत नाय म्हणून ती रडली, माझ्या दुकानात, पडद्यामागे, आणि मी बाहेर दुसऱ्या गिऱ्हाइकाला अस्तराचा रंग विचारत होते.

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नीट बसवून समजावलं. हा आकार जन्माचा, वयात येताना दिसायला लागतो, पुष्कळ मुलींना असतो. यात मुळाशी एक आवळ पट्टा असतो, तो आधी सोडवायचा, आतलं पसरवायचं, मग लागली तर पिशवी. इथे नुसतीच पिशवी घातली. आणि आत बाहेरची वस्तू आली की शरीर तिच्याभोवती आवरण करतं, कुणाकुणाचं ते आवळत जातं. काम चांगलं झालं तरी होऊ शकतं, त्या बोलल्या, पण हे तुमाला आधी कुणी सांगितलं होतं का? सोनलने नाय म्हणून मान हलवली. मग तिने खाली बघून विचारलं, "मला बाळाला पाजता आलं असतं का?" डॉक्टर बोलल्या, "काहींना दूध कमी येतं, काहींना पुरतं. नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही."

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मावशी म्हणून.

गेल्या दिवाळीनंतर पिशव्या काढल्या. कडक झालेलं आवरण काढलं, पट्टा सोडवला, उरलेलं जेवढं जमेल तेवढं नीट केलं. नव्या पिशव्या नको, असं सोनलनेच सांगितलं. आता घरी सगळ्यांना कळलंय. आई तोंडाला येईल ते बोलली, फुगवून घ्यायला गेली आणि होतं तेही घालवून आली. गल्लीतल्या बाया माझ्याच दुकानात बसून हसतात. माझं डोकं फिरतं. यांच्या थोबाडावर कापडाचा तागा फेकून मारावा असं वाटतं. आणि मग वाटतं, मी कोण यांना बोलणारी? या निदान नंतर हसल्या.

आता परवाचं. सोनल कापड घेऊन आली. तिच्या भावाची शनिवारी हळद आहे. पडद्यामागे गेली, या वेळी मला हाक मारावी लागली नाय. ओढणी बाजूला ठेवली आणि सरळ उभी राहिली. दोन्हीकडे व्रण, उजवी बाजू डावीपेक्षा खाली बसलेली. बोलली, "मावशी, आत काय भरू नका. हाय तसं शिवा. मला आता कुणाला दाखवायचंबी नाय आनि लपवायचंबी नाय." मी बरं बोलले. डावं आणि उजवं वेगवेगळं मोजलं, वहीत लिहिलं.

जाताना ती थांबली. कविता येणार आहे हळदीला, लेकीला घेऊन. समोर आली तर मी उठून जाईन, बोलली. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलली, "एवढ्या मानसांत एक तुमीच तोंड गप ठेवलंत, मावशी."

मी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडायला एवढा चांगला वेळ पुन्हा येणार नव्हता. मी बोलले, ब्लाउज शुक्रवारी ने.

ब्लाउज तयार आहे. समोर खुंटीला लावलाय. फिटिंग चोख बसेल, त्यात मी चुकत नाय. उद्या शुक्रवार. ती येईल तेव्हा मी सांगेन असं तुमाला वचन देत नाय, माझं वचन काय लायकीचं आहे ते तुमी वाचलंत. तिने माफ करावं असंही नाय बोलत. तेही शेवटी माझ्याच सोयीचं होईल.

कविता काय बोलली नव्हती. मी बोलले. टोकावड्याच्या बाईला, भर दुपारी, याच मशीनवर, सोनलच्या ब्लाउजचे कप कापता कापता.