ताईच्या हातातला दोर

माणूस तोंडावरून ओळखतात म्हणतात, पण कवळीवाला माणूस ओळखायचा तो जबड्यावरून. रस्त्यात कुणी मोकळं हसलं की बायकोच्या कानाशी लागून म्हणायचा, "वरची फळी माझी." मग बायको त्याला कोपर मारायची. पुढच्या खोलीत दातांचा डॉक्टर बसायचा, मागच्या खोलीत हा. दिवसभर प्लास्टरच्या साच्यांत मान घालून दुसऱ्यांचे दात घासत बसायचा. नखांतला पांढरा चुरा लग्नातसुद्धा निघाला नव्हता.

काम सुटलं की मात्र हाच गडी राजे उठवायचा, डोंगर पाडायचा. त्याला एका खेळाचं वेड होतं. खेळ साधा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यात एकेक सोंग घेऊन शिरायचं. कुणी चोर, कुणी वैदू, कुणी तलवारवाली. "पुढं दरी आहे. काय करता?" असं यानं विचारायचं. "उडी मारतो" म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि फासा सांगेल ते सोसायचं. हरजीत काही नाही. एकेक गोष्ट वर्षानुवर्षं चालायची.

असे तीन डाव तो चालवत होता. मंगळवारी तिघी शिकाऊ नर्सा, शुक्रवारी बसडेपोतले ड्रायव्हर आणि रविवारी दुपारी घरचा डाव. एकाच आठवड्यात पेरल्यासारखे तिन्ही एकदम काढणीला आले. नर्सांचं शिक्षण संपत आलं होतं, त्या पांगणार होत्या. ड्रायव्हरांचं जहाज किनाऱ्याला लागायला आलं होतं. त्या दोन डावांचं त्याला फारसं काही नव्हतं. जीव अडकला होता तो रविवारच्यात.

रविवारच्या डावाला चौघं असायची. गोष्ट सांगायला हा, खेळायला बायको, शेजारचा निवृत्त पोस्टमन आणि याची थोरली बहीण. लहानपणी ताई गोष्ट सांगायची आणि हा तिच्या गोष्टीतला घोडा व्हायचा. मोठेपणी हा सांगायला लागला आणि ताई दोरवाली झाली. म्हशीच्या ताकदीची बाई, खांद्यावर दोराचं वेटोळं. सात वर्षं तिनं सगळ्यांना दऱ्याखोऱ्यांतून ओढून वर काढलं.

आठ महिन्यांमागे ताई लेकीच्या बाळंतपणाला समुद्रापार गेली. निघायच्या आदल्या रविवारी सगळी एका कोरड्या विहिरीत उतरत होती. ताई म्हणाली, "मी वर दोर धरून थांबते. तुम्ही उतरा. दोन महिन्यांत आलेच." आणि या डावाचा एक कायदा होता, ताईनंच घातलेला. जो हजर नाही त्याच्या सोंगाला कुणी हात लावायचा नाही. त्याच्या वतीनं बोलायचं नाही, त्याचा फासा टाकायचा नाही. म्हणजे ताई सांगेपर्यंत दोरवाली काठावर उभी.

दोनाचे आठ झाले. वर यायचं म्हटलं तर ताई दोर ओढणार की नाही, हे तिनं सांगायला हवं. तिला विचारायचं म्हणजे तू परत येणार की नाही, हेच विचारणं झालं. ते याच्या ओठांवर येईना. मग तो विहिरीच्या तळाशी भुयारं काढत सुटला. भुयारात नदी, नदीपलीकडं बाजार, बाजारात भांडणं.

"अरे, एका विहिरीत किती बिळं काढशील?" पोस्टमन करवादला. "घुशी लाजतील. जिच्यासाठी उतरलो ती मोहर हातात आली, राक्षस मेला. आता वर चल."

"अजून एक दार राहिलंय," हा म्हणाला.

बायकोनं नुसतं त्याच्याकडं बघितलं.

त्या शुक्रवारी घोटाळा झाला. ड्रायव्हरांच्या जहाजाचा शेवट सांगता सांगता हा म्हणाला, "तुम्ही वर बघता, तर दोर हलतोय. काठावर कुणी दिसत नाही."

ड्रायव्हर एकमेकांकडं बघायला लागले.

"काका," थोरला ड्रायव्हर म्हणाला, "काठ कसला? आम्ही भर समुद्रात आहोत की."

"जहाजावर दोर असतोच की रे."

"दोर असतो. पण तुमचा आवाज का बसला?" ड्रायव्हरनं चहाचा कप बाजूला सारला. "तीन गाड्या एका माणसानं हाकल्या की असंच होतं. ज्या गाडीपायी हे झालं ना, ती आधी डेपोला लावा."

त्यानं जहाज त्याच संध्याकाळी किनाऱ्याला लावलं. मंगळवारी नर्सांची गोष्ट संपवली. त्या हसल्या, रडल्या, फोटो काढले, आणि धाकटीनं आपल्या सोंगाचा कागद घडी घालून छातीशी धरून नेला. याला वाटलं होतं, आपल्याला जड जाईल. जिना उतरताना बघतो तर काहीच नाही. सगळं जडपण एकीकडंच साठून राहिलेलं.

"आता तरी वन्संना विचारा," बायको म्हणाली. "आणि सरळ विचारा. गोष्टीच्या आडून नको."

शनिवारी सकाळी त्यानं फोन लावला. तब्येत झाली, हवा झाली, बाळाचा दात झाला.

"ताई, तो दोर..."

"कसला दोर रे?"

"विहिरीवरचा. तू धरलेला."

"अगंबाई!" ताई खदाखदा हसली. "अजून विहिरीतच आहात होय तुम्ही? आणि मी आठ महिने उभीच? माझे पाय काय लाकडाचे आहेत, गध्या?"

"तुझं सोंग. तू सांगशील तसं."

मागं बाळानं भोकाड पसरलं. "थांब हं," म्हणून ताई गेली. तिचं लाडेलाडे बोलणं दुरून ऐकू येत राहिलं. त्याच आवाजात कधीकाळी ती त्याला घोडा करायची. परत आली ती दम लागलेली.

"लिहून घे. दोरवालीनं दोर झाडाला बांधला. तीन गाठी मारल्या, ओढून बघितल्या. तुम्ही खुशाल वर या. मग ती गेली."

"कुठं?"

"तिलाही कामं आहेत की."

"परत कधी येईल?"

ताईनंच उलट विचारलं, "हे गोष्टीतलं विचारतोस की खरं?"

बायको दारात उभी होती. तरी हा म्हणाला, "गोष्टीतलं."

"गोष्टीतलं मला ठाऊक नाही, बाबा. खरं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. हे पोर मला सोडत नाही, आणि मलाही सुटायचं नाही. माझी खोली भाड्यानं दे. माझी ट्रंक तेवढी तुझ्याकडं ठेव."

रविवारी तिघं टेबलाशी बसली. चौथी खुर्ची बायकोनं सकाळीच भिंतीला लावली होती. पोस्टमननं चढायला फासा टाकला, सतरा. बायकोनं टाकला, बारा. दोर पक्का होता. दोघं वर आली.

"वर कोण आहे?" पोस्टमननं विचारलं.

"कुणी नाही. झाडाला दोर बांधलाय. तीन गाठी."

"पावलं दिसतात का?" बायको हळूच म्हणाली.

सात वर्षांत असं झालं नव्हतं. कुठल्या दाराआड काय, कुठल्या राजाच्या मनात काय, सगळं याला ठाऊक असायचं. त्यानं गोष्टीची वही चाळली, मिटली.

"आहेत. गवतातून खाली उतरतात. पुढचं मला माहीत नाही."

"मग मी माग काढतो," म्हणत पोस्टमननं फासा उचलला.

यानं त्याच्या मुठीवर हात ठेवला. "नको. माग काढायचा नाही."

"मग गोष्ट संपली म्हण की!"

"संपली."

पोस्टमननं फासा खाली ठेवला. उठायला मात्र कुणीच उठलं नाही. चहा निवत गेला. बायको म्हणाली, "आता तिकडं किती वाजले असतील हो?"

पोस्टमननं बोटांवर मोजलं, दोनदा चुकला, आणि म्हणाला, "उजाडलं असेल."