गाडीतले रूपराव आणि घरातले रूपराव

समुद्रपूर-गिरड गाडीचे कंडक्टर रूपराव आणि माझ्या शेजारचे रूपराव ही दोन वेगळी माणसं आहेत, असं मी गावात नव्यानं आलेल्यांना सांगत असे. लोक ते खरंही मानत.

गाडीतल्या रूपरावांचा आवाज खणखणीत. "अवो मावशी, टोपली मांडीवर घ्या, लोकाईनं पाय कुठं ठेवाचे?" सरपंच असो की पाटील, दारात लोंबकळणाऱ्याला आत ढकलल्याशिवाय ते घंटी मारत नसत. मी गिरडच्या शाळेत मास्तर, रोज त्यांच्याच गाडीनं जायचो आणि रोज त्यांची बोलणी खायचो.

संध्याकाळी खाकी उतरवून ते अंगणात आले आणि बाजेवर थोरले भाऊ सदाशिवराव दिसले, की आवाज डेपोतच जमा झालेला असे. "भाजीत मीठ कमी हाये का रे?" एवढं दादांनी विचारलं तरी हे बायकोच्या तोंडाकडे बघत. वडील वारले तेव्हा रूपराव पाळण्यात होते. बोलायला शिकण्याआधीच त्यांच्या वतीनं बोलणारं माणूस घरात तयार होतं. 'आमचा धाकला गरीब हाये' असं सगळे इतक्यांदा म्हणाले की शेवटी रूपरावांनाही ते पटलं. आमच्या दोन घरांमध्ये भिंत म्हणून नुसतं तुराट्यांचं कूड, त्यामुळं मला हे सगळं आयतंच ऐकू येई.

एक्क्याऐंशी साली रूपरावांची नलू बारावी पास झाली. तिला वर्ध्याच्या कॉलेजात जायचं होतं. तिथंच जवळ पिपरी मेघ्याला मामा होता, राहायचीही सोय होती. सदाशिवरावांनी जेवता जेवता निकाल लावून टाकला, "पुरे झालं शिकनं. भाजीच्या वाडीत हात पायजेत." रूपरावांनी मान हलवली. नलू भरल्या ताटावरून उठून गेली.

प्रवेशाची मुदत संपत आली. रूपराव रोज 'आज बोलतोच' म्हणून अंगणात जात आणि गाईला चारा टाकून परत येत. गाय तेवढी धष्टपुष्ट झाली. मला सदाशिवरावांचा भयंकर संताप यायचा.

शेवटी त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, डोकं चालवलं. "घरी तुमच्या तोंडून शब्द निंगत नाई. गाडीतच बोला," त्या म्हणाल्या आणि थोरल्या दिरांना गिरडच्या टेकडीवरचा एका राहिलेल्या नवसाची आठवण करून दिली.

गुरुवारी सदाशिवराव गाडीत चढले. बसायला जागा नव्हती. घरी ज्यांच्यापुढे कुणाची मान वर होत नसे, ते दादा इथं दांडा धरून धक्के खात होते. रूपराव तिकिटं टोचायचा चिमटा वाजवत आले, तिकीट दिलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, नलू कालेजात जाईन! मी पाठवतो तिले!"

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"घरातली गोष्ट गाडीत काऊन बोलून राह्यला?" सदाशिवराव हळूच म्हणाले. "घरी बोल. मंग पाहू."

झालं! बेत फसला. त्या संध्याकाळी मी लाज सोडून कुडाला कान लावला. फटीतून रूपराव बाजेसमोर उभे दिसले. घसा खाकरला, पुन्हा खाकरला. चुलीजवळची भाकरीची थपथप थांबली.

"बोल ना बाप्पा," सदाशिवराव म्हणाले.

"नलूले... जाऊ द्याचं हाये, दादा." आवाज इतका बारीक की अर्धं मला अंदाजानंच कळलं.

बाज करकरली. सदाशिवराव म्हणाले, "बा मेला तवा मले मिशा बी फुटल्या नव्हत्या. माय मने, आता तूच मोठा. तवापासून सारं मीच ठरवून राह्यलो. तू कधी नाई म्हटलं नाई, मले वाटे तुले पटते. माह्यं चुकलं का बरोबर, सांगनारं कोनी होतं का रे मले?"

इतकी वर्षं मी या माणसावर चिडत होतो, आणि आता मलाच भरून आलं.

"पाठव पोरीले," ते म्हणाले. "अन् भेंडी उद्या तोडाची का परवा, ते बी तूच सांगजो. मी थकलो."

रूपराव गांगरले. "परवा," त्यांनी ठोकून दिलं.

भेंडी परवाच तुटली. चांगलीच निबर झाली होती. सदाशिवरावांनी ती एक शब्द न बोलता खाल्ली आणि वर आणखी मागून घेतली.