फुवांचं विलायती पिंप

तापीपासून सातपुड्यापर्यंतच्या मुलखात नाकावर इतका भरवसा ठेवून जगलेला माणूस आमच्या फुवांखेरीज दुसरा झाला नसेल. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. हे फुवा तळोद्याला जंगलखात्यात कारकून होते, आणि सारी नोकरी त्यांनी जणू नाकानेच केली. सागाच्या ओंडक्यांची गाडी नाक्यावर आली की ते कागद मागायच्या आधी लाकूड हुंगत. वर-खाली साग नि मध्ये शिसव दडवलेला असला, तर गाडीवानाने बैल सोडायच्या आधी त्यांना कळलेलं असे. पेन्शनीत गेल्यावर लाकूड सुटलं, नाक सुटलं नाही. ते घरभर फिरू लागलं. पत्र आलं की फुवा ते आधी हुंगत आणि मग फोडत. डाळ हुंगून ती रनाळ्याची की शहाद्याकडची ते सांगत. पाहुणा ओट्यावर चढायच्या आत ‘हे नवापूरकडून आलेत, गाडीत कुणी विड्या ओढत होतं’ असं आतून ऐकू येई, आणि पाहुणा बिचारा स्वतःच्या बाह्या हुंगत आत शिरे. मी नाशिकच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले की ते माझ्या ट्रंकेचं झाकण उघडायला लावत, वाकून एक श्वास घेत आणि म्हणत, औंदा तुमच्या बाईंनी साबण बदलला. बदललेला असे.

मला त्यांच्यासमोर बोलायची भीती नव्हती, कारण बोलावंच लागत नसे. एरवी मी चारचौघांत तोंड उघडत नसे. शाळेत इंग्रजी, घरी अहिराणी, पाहुण्यांशी पुस्तकी मराठी, आणि कुठली कुठे वापरायची या विचारातच माझी पाळी निघून जाई. फुवांना हे माहीत होतं. ते मला जवळ बसवून घेत आणि दोघांच्या वाटचं बोलत.

फुईला रोजचं धुणं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेलं चालत नसे. परटाकडे जायचे ते फक्त फुवांचे कोट नि चादरी. तिच्या हातांना सोडा बाधायचा. हिवाळा लागला की तळव्यांना भेगा पडत, भेगांतून रक्त येई, आणि ती भाकरी थापताना डावा हात कसा वाचवी ते मी चुलीशेजारी बसून पाहिलेलं आहे. वैद्यांनी पाणी नि सोडा बंद सांगितला होता. ‘मग धुणार कोण?’ या प्रश्नाशी फुवा येऊन थांबत. त्या काळात आमच्याकडे पुरुषाने बायकोचं लुगडं दांडीवरून काढलं तरी गल्लीला आठवडाभर पुरायचं. धुणं तर लांबच राहिलं.

अशात जंगलखात्याचा एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. फुवांनी बैलगाडीतून घरी आणलं ते कपडे धुण्याचं मशीन. मशीन म्हणजे तीन पायांवर उभं असलेलं लाकडी पिंप, भोवती लोखंडी पट्ट्या, आणि झाकणावर दाते नि दांडा. दांडा फिरवला की आत एक चौपायी घुसळणी कपडे गरागरा हलवायची. विजेचं त्यात काही नव्हतं. सगळा जोर फुवांच्या दंडाचा.

त्या दांड्यात फुवांना मोठी सुटका सापडली होती. पहिल्या दिवशी त्यांनी फुईची दोन लुगडी पिंपात घातली आणि अंगणात, सगळ्या गल्लीसमोर, छाती काढून दांडा फिरवू लागले. फुई दारातूनच हळू आवाजात म्हणाली, “लोके काय म्हनतीन?” फुवांनी दांडा न थांबवता उत्तर दिलं, “मी धुनं धुई नई ऱ्हायनू. मी मशीन चलाई ऱ्हायनू.”  बायकोचं लुगडं धुणं वेगळं आणि साहेबाचं यंत्र चालवणं वेगळं, हा फरक सगळ्यांना पटला. दोघेतिघे तर दांडा फिरवून बघायला मिळेल का म्हणून विचारून गेले. त्या हिवाळ्यात फुईच्या हातांवरच्या भेगा प्रथमच मिटल्या.

मशीनबरोबर एक इंग्रजी चोपडी आली होती. ती वाचायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. फुवांनी त्यासाठी शेजारचे दोन गृहस्थ बोलावून बसवले आणि माझ्या इंग्रजीची इतकी तारीफ केली की मला मान वर करवेना. मी वाचून सांगितलं: काम झालं की तळाशी थोडं पाणी ठेवावं, नाहीतर फळ्या आक्रसून पिंप गळू लागतं. त्याच्या पुढचं अर्धं पान वाळवीने खाल्लं होतं. फुवांनी विचारलं, एवढंच ना? मी मानेनेच हो म्हटलं. इतक्या तारिफेनंतर ‘पुढचं वाचता येत नाही’ असं म्हणायचं माझ्याच्याने झालं नाही.

फुवांनी तळाशी पाणी ठेवलं. तळोद्याला हिवताप फार, पाण्यावर डास होतील म्हणून झाकण घट्ट लावलं. आणि यंत्राला धूळ लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून त्यावर जुन्या सतरंजीची खोळ शिवून नाडीने बांधली, जशी पेटीला किंवा शिवणयंत्राला बांधतात. दसऱ्याला खोळीवरून झेंडूची माळही पडली.

दिवाळीत मी आले तेव्हा घराला वास येत होता.

तो वास सांगणं कठीण आहे. ओल्या कुत्र्याचा म्हणावा तर त्यात कुत्र्याचा अपमान होता. कपडे धुऊन वाळत घातले की वास निघून जातो असं वाटायचं. अंगावर घालून घाम आला की तो पुन्हा यायचा. फुवांनी तो सगळ्यांच्या आधी ओळखला होता, पण त्यांच्या लेखी तो पराभव नव्हता, अभ्यासाचा विषय होता. रोज सकाळी ते खोळ सोडत, झाकण बोटभर उचलत, नाक आत घालत आणि निदान करत. हा कुबट नाही, हा आंबूस आहे. कुबट मंगळवारी होता. मग त्या दिवसाचं औषध ठरे. आधी कडुलिंबाचा पाला उकळून ओतला. धोतरं दोन दिवस कडू लागत होती, असं फुवा स्वतः म्हणाले. ती त्यांनी चाखून पाहिली की काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मग लिंबं आणि चिंचेचा कोळ. मग गुग्गुळ नि राळ एका वाटीत पेटवून ती वाटी पिंपात ठेवली आणि गुण बाहेर जाऊ नये म्हणून झाकण लावलं. फटींतून असा धूर निघाला की शेजारचे घागरी घेऊन धावत आले. त्या आठवड्यात फुई बाजारात गेली तर दोघी म्हाताऱ्यांनी तिला विचारलं, आज तुमच्याकडे कसली पूजा? एकदा कुणीतरी सांगितलं की दारूने वास मरतो. आयुष्यात विडीही न ओढलेल्या फुवांनी डोंगरातून मोहाची एक बाटली मागवली आणि पिंपात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी ते स्वच्छ धोतर नेसून भजनाला गेले. भजनीबुवांनी त्यांना प्रेमाने कोपऱ्यात नेऊन समजावलं की, या वयात असली सवय बरी नव्हे.

मी एकदाच विचारलं होतं, फुवा, तुम्हाला तर सगळं लाकूड कळतं, हे का कळत नाही? ते गंभीर झाले. म्हणाले, आपलं लाकूड मला कळतं बाळा, हे विलायती. त्याची प्रकृती निराळी. मी मनात त्या अर्ध्या पानाकडे पाहिलं आणि खोळीची नाडी बांधू लागले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फुईच्या शेजारच्या दोघी उठून दुसरीकडे बसल्या. हे मला फुईने सांगितलं नाही, आईच्या पत्रातून कळलं. फुई वासाबद्दल एक शब्द बोलत नसे. मशीन आपल्या हातांसाठी आलंय हे तिला माहीत होतं, आणि म्हणून ती तेच लुगडं मुकाट्याने नेसून हिंडत होती. पण वैशाखात, मी सुट्टीला आलेली होते आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती, तेव्हा तिचं हे मुकाट्याने सोसणं संपलं. आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकी, सुना, पाहुणे सगळे घरात जमायचे. फुईने भाकरीचं पीठ काढता काढता, फुवांकडे न पाहता सांगितलं, “सोमवारफाईन मी दगडवरच धुसू.”

सोमवारपासून पुन्हा दगड आणि सोडा. फुवांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग उठून त्यांनी पिंपातलं पाणी अंगणात ओतलं. ते शेणासारखं काळं होतं. दर आठवड्याला भुरीबाई नावाची भिलीण डोंगरातून मोळी घेऊन येई. तिला त्यांनी पिंप दाखवलं आणि सांगितलं, हे फोडून सरपण करून ने. एवढं बोलून ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

भुरीबाईने कुऱ्हाड उचलली नाही. तिने पिंपावर बोटाने टिचकी मारून पाहिली, झाकण काढून बाजूला ठेवलं आणि मला विचारलं की एवढं चांगलं लाकूड का फोडायचं. मी वासाचं सांगितलं. खोळ, झाकण, तळाचं पाणी, सगळं सांगितलं. ती हसली. उघड्या दारातून स्वैपाकघर दिसत होतं, आणि चुलीजवळ फुईची पीठ मळायची लाकडी काठवट धुऊन भिंतीला टेकवून उभी होती. भुरीबाईने तिकडे बोट दाखवून आत फुवांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “बाबा, ती काठवट तुम्ही पानी भरीसन, तोंड बांधीसन ठेवतस का?”

 फुवा उठून दारात आले. काठवटीकडे पाहिलं. पिंपाकडे पाहिलं. मग जमिनीवर बसून पिंपाच्या फळीला नाक लावलं, नाक्यावर ओंडक्याला लावत तसं, आणि बऱ्याच वेळाने अगदी बारीक आवाजात म्हणाले की हे तर आपल्या लाकडासारखंच लाकूड आहे.

पुढचं काम भुरीबाईनेच सांगितलं आणि फुवांनी शहाण्या मुलासारखं ऐकलं. उकळतं पाणी, राख, आणि नारळाच्या शेंडीने प्रत्येक फळीची फट घासायची. आतली घुसळणी सोडवून तिच्या खालचा सगळा चिकटा खरवडून काढायचा. तिथे बोटभर जाड थर निघाला. मग पिंप पालथं करून, खाली दोन विटा देऊन, सावलीत वाऱ्याला ठेवायचं. उन्हात नाही, उन्हाने तडकेल. फळ्या आक्रसल्या तर धुण्याआधी घटकाभर पाणी भरून ठेवायचं, त्या आपोआप फुगून बसतात. बैलगाडीचं चाक नदीत ठेवतात तसंच. आणि झाकण पुन्हा लावायचं ते कपडे आत असतील तेवढाच वेळ. खोळ उसवून फुईने तिचं पोतेरं केलं.

चौथ्या दिवशी, आखाजीच्या सकाळी, फुवांनी पिंपात डोकं घातलं. आम्ही सगळे उभे होतो. डोकं बाहेर काढून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि जाहीर केलं की आत काहीही नाही. आयुष्यभर काहीतरी हुंगून शोधून काढत आलेल्या माणसाला काहीच न सापडल्याचा एवढा आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

त्या गडबडीत मी त्यांना अर्ध्या पानाचं सांगून टाकलं. झाकण उघडं ठेवा, असं बहुधा तिथेच लिहिलं असेल, असं मी म्हणाले. सांगताना मला रडू आलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. “पान तू खादं का? वाळवीनी खादं. मंग तू रडस कसाले?”

मशीन त्यानंतर पाच वर्षं चाललं. मग विलायतेतल्या लढाईच्या दिवसांत झाकणावरचे दाते तुटले. सुटा भाग मिळेना. लोहाराने दोनदा सांधून दिले, तेही तुटले. मला हे कुणी कळवलं नव्हतं. मी हिवाळ्यात आले तेव्हा सकाळची वेळ होती, गल्ली जागी झालेली होती, आणि अंगणात धुण्याच्या दगडापाशी फुवा उकिडवे बसून फुईचं लुगडं धूत होते. दांडा नाही, यंत्र नाही, नुसतं लुगडं आणि दगड. फुई दारात उभी होती, कोरडे हात पदरात घेऊन, आणि तिला कुठे पाहावं ते कळत नव्हतं. समोरच्या ओट्यावरून एकाने फुवांना हाक घातली, “काय नाना, आते बायकोना लुगडा बी?”

फुवांनी तोंडावरचं पाणी बाहीने पुसलं. “मशीन बंद पडनं शे,” ते म्हणाले. “मन्हा हात चालू शेत.”

समोरचा हसायला निघाला होता, पण हसण्यापर्यंत पोचला नाही. फुवा उठले. नऊवारी लुगडं एकट्याला पिळता येत नाही. त्यांनी एक टोक धरलं आणि इकडेतिकडे पाहिलं. गल्लीतली सात-आठ माणसं बघत होती. मी ट्रंक ओट्यावर ठेवली, अंगणात उतरले आणि दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ते पिळलं, झटकलं, दांडीवर टाकलं. 

फुवा त्यानंतर तीन वर्षं होते. तेवढी तीन वर्षं फुईच्या हातांना भेग पडली नाही.