भुताच्या हाताआधीचा तुकडा

माध्यमांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता: भयपटाची सुरुवातीची दोन मिनिटं बनवा आणि कथनाचे, प्रेक्षकांचे सिद्धान्त त्यांना लावून दाखवा. आमच्या सरांचा एका सिद्धान्तावर फार जीव. आधी समतोल दाखवायचा, मग तो बिघडवायचा. म्हणून मी सोलापुरातल्या आमच्या घरात, भर दुपारी पडदे ओढून, मैत्रिणीला समतोल करायला लावला. ती देवापाशी दिवा लावते, केस बांधते, चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि मागून तिच्या खांद्यावर काळा हात पडतो. हात माझाच, काजळ फासलेला. दुसऱ्या हातात मोबाइल. ती अशी किंचाळली की शेजारच्या काकू पळत आल्या.

ती खरी नटी होती. परीक्षा झाली की पुण्याला अभिनय शिकायला जायचं, हे तिनं रडून, अबोला धरून वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. तोवर चांगलं स्थळ आलं नाही तरच, एवढी त्यांची अट होती.

प्रेक्षकांचा अभ्यास म्हणून मी फिल्म घरच्या ग्रुपवर टाकली आणि विचारलं, भीती नेमकी कुठं वाटली? एकानं उत्तर दिलं असेल तर शपथ! मामा म्हणाले, पडदे नवीन घेतले का? आणि मावशीचा फोन आला.

"पोरगी कुणाची गं? लई कामाची हाय की!"

तिनं माझ्या मावसभावाकडून हात येण्याआधीच फिल्म कापून घेतली आणि करकंब गावी, सासरच्या नात्यातल्या एका घरी स्थळ म्हणून पाठवून दिली. दिवा, केस, चहा. भूत गायब. प्रेक्षक आपल्याला हवं तेवढंच उचलतो, हा सिद्धान्त मी घोकून घोकून पाठ केला होता. मावशीला तो न शिकता येत होता.

"अगं मावशी, तो भयपट आहे!" मी ओरडले.

"असू दे की. भूत काय मुलीकडचं हाय व्हय?"

मी कपाळाला हात लावला. मुलगा एकुलता, घरचा ऊस. मैत्रिणीचे वडील खूश. शेवटी तिनं वैतागून अख्खी फिल्म किंकाळीसकट करकंबला पाठवली, वर 'मला नटी व्हायचंय' असंही लिहिलं. आता तरी ते घाबरतील, असं आम्हा दोघींना वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी असतानाच मुलाच्या आईचा फोन आला. वडिलांनी तो स्पीकरवर टाकला.

"एवढी किंचाळली, पर ट्रेमधला चहा सांडला न्हाई बगा. आमाला पसंत हाय. नटीबिटीचं काय, लग्नानंतर निघून जातंय ते."

वडील हसले. मला त्यांचा इतका राग आला की मी समोरचं पाणीही न पिता उठले.

तिच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी प्रकल्पाचं सादरीकरण झालं. सरांनी फिल्म पाहिली आणि म्हणाले, "समतोल उत्तम जमलाय. भीती मात्र कुठंच वाटत नाही." मी भांडायला उभीच राहिले. मैत्रिणीनं मला खाली बसवलं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "सरांना थोडंच करकंबला नांदायला जायचंय."