आष्टीत तरंगलेलं चुंबक

गरम वायरीचं दुःख मनाला लावून घेणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आष्टीत आम्हाला विज्ञान शिकवायला होता. कुणाच्याही घरी गेले की सर आधी चार्जरला हात लावायचे, मंग घरच्यांना नमस्कार. पोरीची सोयरीक जमवायला गेल्ते, तर तिथंही होणाऱ्या व्याह्याला सोडून कूलरच्या वायरीपाशी जाऊन बसले. "गरम होऊन राह्यली बघा. ही सारी वीज वाटेतच फुकट चालली." व्याह्याला वाटलं, माणूस बिजलीच्या ऑफिसातून आला. सोयरीक तरी जमली, कारण सर वायर बदलून देऊनच उठले.

सरांचा जीव होता अतिवाहकावर. म्हणजे असा पदार्थ, की ज्यातून वीज बिनबोभाट जाते, कणभर गरम होत न्हाई, कणभर वाया जात न्हाई. अडचण एकच, त्याला भयंकर थंड ठेवावं लागतं. तसा थंड केला की तो चुंबकाला हवेत अधांतरी धरून ठेवतो. हे चित्र सर दरसाली फळ्यावर काढायचे, आणि दरसाली ते वाकडं यायचं. कारण सर फळ्याकडं बघायचेच न्हाईत. हात मागं फळ्यावर, तोंड आमच्याकडं. "दिसलं का?" हा त्यांचा सवाल. चित्रात काय दिसलं ते जाऊ द्या, त्यांना आमच्या तोंडावर काय दिसतं ते बघायचं असायचं. मी त्यांची नक्कल करायचो ती इथूनच सुरू व्हायची, पाठमोरा हात न् "दिसलं का?"

काही वर्षांमागं मोबाइलवर बातमी आल्ती, की साध्या हवेत, काही थंड न करता चालणारा अतिवाहक सापडला. सरांनी बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर पेढे वाटले. लोकांना वाटलं नातू झाला. महिनाभरात ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांनी करून पाह्यलं, कुणालाच जमलं न्हाई. सर परत टपरीवर गेले आणि ज्यानं ज्यानं पेढा खाल्ला त्याला गाठून सांगितलं, "पेढा खरा होता, बातमी खोटी निघाली. पण शोधणं चालू हाये."

एवढं सगळं, आणि चुंबक तरंगलेलं सरांनी स्वतःच्या डोळ्यानं कधी पाह्यलं नव्हतं. व्हिडिओ त्यांना चालत न्हाई. "व्हिडिओत तर माणसंपण उडतात," म्हणायचे.

मंग सर रिटायर व्हायच्या महिन्यात पार्सल आलं. आमच्या पुढच्या बॅचची एक ताई ह्याच विषयात संशोधन करून राह्यली. तिनं स्वतः भट्टीत भाजलेली एक काळी चकती पाठवली, पारले बिस्किटापेक्षा लहान. राह्यला थंडावा. तो आख्ख्या आष्टीत एकाच जागी, जनावरांच्या दवाखान्यात. गायी-म्हशी गाभण करायला लागणाऱ्या वीर्याच्या कांड्या तिथं पातळ नायट्रोजनच्या डब्यात ठेवतात.

डॉक्टर म्हणाले, "सर, तुमचं चुंबक उडवायला मी गायी भाकड ठेवू का?"

"गाय एकवीस दिवसांनी परत माजावर येते डॉक्टर," सर म्हणाले. "मी तीस तारखेला रिटायर होऊन राह्यलो."

डॉक्टरांनी आइस्क्रीमवाल्याच्या थर्माकोलच्या डब्यात थोडा नायट्रोजन दिला आणि बजावलं, "झाकण घट्ट लावू नका, न् जल्दी करा. हा उडून जातो."

निरोप समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. लग्न, बारसं, उद्घाटन, माइक माझाच. एप्रिलचं ऊन, वर पत्रे, आणि सर स्टेजवर मांडीवर धूर सोडणारा डबा घेऊन बसलेले. ठरलं होतं प्रयोग आधी. पण पाहुण्यांचा सत्कार राह्यला तर पाहुणे रुसतात. शाल, नारळ, फेटा. मंग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. सरांनी चिठ्ठी पाठवली, "आता प्रयोग." मी वाचली, खिशात घातली. मंग माझ्या अंगात आलं आणि मी सरांचीच नक्कल सुरू केली. पब्लिक लोटपोट. सर सगळ्यात जास्त हसले, एक हात झाकणावर ठेवून. दुसरी चिठ्ठी आली, तीपण खिशात.

प्रयोगाला उठलो तोवर डब्याच्या तळाला बोटभर उरल्तं. सरांनी ते चकतीवर ओतलं. फोडणीसारखं चरचरलं, मंग शांत झालं. सरांनी प्लास्टिकच्या चिमट्यानं चुंबक वर धरलं, सोडलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आमच्याकडं वळले.

"दिसलं का?"

त्यांच्या पाठीमागं चुंबक बोटभर उंच थांबलं होतं. हळूहळू फिरत होतं. खाली काही न्हाई, वर काही न्हाई. "सर, मागं बघा," एवढंच म्हणायचं होतं. माइक माझ्या हातात होता. पण आख्खं पब्लिक आ करून बसल्तं, आणि मीपण.

टुक आवाज आला. सर वळले. चुंबक चकतीवर पडलेलं, नायट्रोजन संपलेला, आणि गरम होता होता चकती मधोमध तडकलेली.

"तुम्हाला दिसलं ना?"

"दिसलं सर," सगळे म्हणाले.

"मंग झालं."

मंडपवाले खुर्च्या उचलायला लागले तेव्हा मी जवळ जाऊन म्हणालो, "सर, ताईकडून दुसरी चकती मागवू."

"तिच्या कामाची वस्तू हाये रे. सारखं मागायचं न्हाई." मंग म्हणाले, "चिठ्ठ्या दोन पाठवल्त्या."

"हो सर."

"माझी नक्कल बरी करतो तू. आता त्याची कर."

"कुणाची?"

"चुंबकाची."

मी तडकलेल्या चकतीवर बोटभर अंतर सोडून हात आडवा धरला. हळू, एकदम हळू फिरवला. मुंडी न हलवता, तोंडातून आवाज न काढता. आयुष्यात एवढी शांत नक्कल मी केली न्हाई. सर वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि बघत राह्यले. खांदा भरून आला, तरी मी हात टेकवला न्हाई.

"दिसलं का, सर?" मी विचारलं. त्यांच्या आवाजात विचारायचं होतं, पण माझ्याच आवाजात निघालं.

 सरांनी माझ्या हाताखालून एक बोट अलगद फिरवलं, खाली कशाचा आधार तर न्हाई ना, बघायला.