चव्वेचाळीस मेणबत्त्या

ज्यूंच्या हनुक्का सणाच्या आठव्या संध्याकाळी लेआबाई माझ्याशी शेवटचं बोलल्या. त्यानंतर एकोणीस दिवसांनी त्या गेल्या. मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्या एकोणीस दिवसांत मी रोज खाली जाऊन औषधं देत होतो आणि त्या भिंतीकडे तोंड करून ती घेत होत्या.

नवीन जालन्यात आमच्या भागात ज्यू घर तेवढं एकच. बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या. नवरा रेल्वेत म्हणून इथं आल्या आणि तो वारल्यावरही इथंच राहिल्या. केदारखेड्याहून शिकायला आलेल्या माझ्यासारख्या पोरांना त्यांनी गणित शिकवलं. उत्तर बरोबर आणि रीत चूक असली तर शून्य देत. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "पण बाई, उत्तर तर आलं ना?" त्या म्हणाल्या, "आलं न्हाई, दिगंबर. शेजारच्याच्या वहीतून आणलंस." सगळा वर्ग हसला. आणलं होतं, हे खरंच होतं...

वर्ष संपत आलं की हनुक्काला त्यांच्या दाराजवळच्या भिंतीवर पितळी दिवा चढायचा. काचेच्या आठ वाट्या, त्यात खोबरेल तेल आणि वाती. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असं आठपर्यंत. ते पेटवायला वर आणखी एक वेगळा. फार पूर्वी त्यांच्या देवळात एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं होतं, त्याची ही आठवण. त्या उजेडात काम करायचं नाही, वाचायचंही नाही, नुसतं बघायचं. मी सवयीनं पुस्तक उघडलं की बाई ते काढून घेत आणि पुढ्यात भजी ठेवत, कारण त्या दिवसांत तळलेलं काहीतरी हवंच. समोरच्या काकू विचारत, "बाई, तुमची दिवाळी एवढी उशिरा कशी हो?" बाई म्हणत, "तुम्हालाच घाई असते."

यंदा त्यांची फुप्फुसं थकली होती. ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू. डॉक्टरांनी सांगितलं, खालच्या घरात काडीसुद्धा ओढायची नाही. स्वयंपाक मी वर करत होतो. बाईंनी वाद घातला नाही. त्या बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "घरातल्या एकानं लावला तर सगळ्या घराचा लागतो. दानीला सांग. तू लावलेला चालायचा न्हाई, तू पडलास केदारखेड्याचा."

दानी हा त्यांचा मुलगा. पंधरा वर्षं झाली तो इस्रायलात आहे. मी फोन केला. "दिगूदादा, डबल ड्यूटी करून राह्यलो," तो म्हणाला. "हे सगळं सोडून मला जमाना झाला. लावला म्हणून सांगून दे. तिला काय कळतंय तिथून?"

मी खाली गेलो आणि म्हणालो, "लागला, बाई. एक." त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत राहिले. दुसऱ्या दिवशी दोन, मग तीन. तिकडे सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे आठ वाजून गेलेले असतात. त्या वेळेला बाई केस विंचरून, धुतलेला पदर डोक्यावर घेऊन माझ्या आकड्याची वाट बघत बसत. खोटं बोलणं मला जड गेलं असं लिहावंसं वाटतं. पण ते जड गेलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मलाही त्या वेळेची ओढ लागली होती.

आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज मला दाखव. आठ लागलेले बघायचेत."

मी दुपारभर दानीच्या विनवण्या केल्या. त्यानं मेणबत्त्यांची पेटी आणली. व्हिडिओवर टेबल दिसलं, आठ आणि एक अशा नऊ ज्योती, मागे हसणारा दानी. "बघ आई, झकास ना?"

बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती बाजूची पेटी उघड. किती उरल्यात?"

"हायेत की, बिलकुल भरपूर."

"मोज."

तो हसत हसत मोजू लागला. पस्तीस निघाल्या.

"एका पेटीत चव्वेचाळीस येतात, दानी. आठ दिवसांच्या, पेटवायच्या धरून. आज ती रिकामी पाहिजे होती."

"आई, सोड ना आता..."

त्यांनी फोन पलंगावर उपडा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू रोज येऊन आकडा सांगत होतास."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून, बाई."

"मला बरं कुठं वाटून घ्यायचं होतं? मला दिवा पाहिजे होता." त्यांना धाप लागली. "पहिल्याच दिवशी खरं बोलला असतास, तर नळी काढून अंगणात बसले असते. दहा मिनिटं. मेले असते तर मेले असते. ते माझं मी ठरवलं असतं."

मी म्हणालो, "आजचा आहे अजून. आत्ता बसू अंगणात."

त्यांनी पाय खाली सोडले. आठ दिवसांपूर्वी त्या दारापर्यंत चालत होत्या. आता गुडघे धरेनात. दोनदा उठायला गेल्या, दोनदा बसल्या. मी उचलायला वाकलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि भिंतीकडे वळल्या.

त्या गेल्यावर मुंबईहून त्यांचे लोक आले आणि त्यांना तिकडे नेऊन पुरलं. दानी थेट तिथंच पोचला.

आता दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन येतो.

"आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का?"

"न्हाई."

"नाव तरी घेतलं असंल?"

"न्हाई, दानी."

तो पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचारतो. मी पुन्हा तेच सांगतो.